दोन बोटं खाली

उजवा हात खांद्यापाशी अडला
त्याला आता सात महिने होतील.
आधी सदरा घालताना,
मग वरच्या फळीवरचा डबा काढताना,
मग रात्री, नुसतं कुशीवर वळलं तरी.
मागाचं बीम जाम होतं तसं झालंय, म्हणालो,
तर जोडीदार म्हणाला, तेल सोड की.
सोडलं. तीळ, एरंडेल,
कुणाच्या गावाहून आलेलं हिरवं काहीतरी.
मेडिकलवाल्या पोराने गोळ्या दिल्या.
त्यांनी दुखणं झोपायचं,
हात काही उठायचा नाही.

अशोक चौकाच्या पुढे, पिठाच्या गिरणीवर एक खोली.
तहसीन बागवान, फिजिओथेरपिस्ट.
माझ्या थोरलीएवढी पोर.
काका, दहापैकी किती दुखतं?
मी गप्प.
तीस वर्षं माझे नग मोजले गेले,
मीटर मोजले, डाग मोजले, खाडे मोजले.
दुखण्याचा आकडा
आजवर कुणी मागितला नव्हता.
सात, म्हणालो. मग जरा लाजून, रात्री नऊ.
तिने दोन्ही लिहून घेतले.

मला वाटलं, आता दाबेल, कड्‌ वाजेल, सुटेल.
तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला.
सोलापुरीच. काठाच्या पट्टीवरून ओळखला मी.
एक टोक डाव्या हातात, खांद्यावरून पाठीमागे,
दुसरं उजव्याने कमरेपाशी धरायचं,
आणि चांगल्या हाताने अडलेल्याला
हळूहळू वर घ्यायचं.
जन्मभर टॉवेल विणले ओ,
त्याचं दुसरं टोक धरता येईना.

ताण वेगळा, कळ वेगळी, ती म्हणाली.
ताण आला तर चालू द्या. कळ आली की थांबा.
हे मला शिकवायला नको होतं.
ताणा किती ओढायचा, कुठे तुटेल,
बोटांना आधी कळतं.
पण असा धागा आपल्याही अंगात असतो
हे कुठं ठाऊक होतं?

घरी भिंत.
बोटांनी चढायचं, मुंगीच्या चालीने.
थांबेल तिथे राजमणी खडूने रेघ ओढायची
आणि विडीच्या पासबुकात लिहितात तशी
बारीक अक्षरात तारीख.
पहिली रेघ छातीशी.
आठवड्याने एक बोट वर.
पुढच्या आठवड्यात तिथेच.
त्यापुढे सलग दोन पाळ्या केल्या,
तर खाली.
ही पुसू का, मी तहसीनला विचारलं.
राहू द्या, तीही तुमचीच.

एप्रिलात पत्रा असा तापला
की शेकायची पिशवी भरायला निघालो
तर राजमणी म्हणाली, खांदा पत्र्याला टेकवा नुसता.
दोघंही हसलो.
हसताना खांदा हलला,
ते नंतर लक्षात आलं.

भिंतीवर वर खिळा, त्याला मार्कंडेयाचा फोटो.
हार मी घालायचो.
हल्ली धाकटा घालतो, स्टुलावर चढून.
काल बोटं खिळ्याच्या
दोन बोटं खाली पोचली.
ओढ रेघ, म्हणालो.
ओढली. वाकडी.
मग पाहिलं, वरच्या सगळ्याच वाकड्या.
खालच्या सरळ, दोरीने आखल्यासारख्या,
आणि छातीच्या वर जसजशा चढल्या
तसतशा कललेल्या.
खडू मोडका आहे, ती म्हणाली,
खाली मान घालून.

तशीच तर बसते सकाळपासून,
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, दोरा.
वर बघ जरा, म्हणालो.
बघते की, म्हणाली,
आणि डोळे तेवढे वर आले.

एवढ्या रेघा तिने
न बघता ओढल्या होत्या.

तिच्या हातातून खडू घेतला.
दहापैकी किती, राजमणी?

ती आधी हसली.
मग मला वाटलं, सांगणार नाही.
मग म्हणाली,
हजार विड्या व्हायच्या आधी, की नंतर?

दोन्ही सांग.